ताईंना वळण लागलं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गाडी वळवता येत नाही, असं कुणी सांगितलं असतं तर घरात हशा पिकला असता. गाडी म्हटली की त्याच. माझं लग्न झालं तेव्हा माझी एक बॅग माहेरी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलच्या मागे दोरीनं करकचून बांधून ती कोणी आणली, तर ताईंनी. हेल्मेट काढून म्हणाल्या, "तुझ्या आईनं चहा दिला, बिस्किटं दिली आणि तू किती हट्टी आहेस तेही सांगितलं." जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. आमच्यात तो उभा राहायच्या आधीच बसला.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची आणि एकेक भिंग बदलत विचारायचं, "आता बरं दिसतं की मघाशी?" माणसं गोंधळतात, लाजतात, उगाच पाठ केल्यासारखी अक्षरं म्हणतात. ताई कधी चिडत नाहीत. "चुकलं तरी चालतंय, ही परीक्षा नाही," एवढंच म्हणतात. अंगापिंडानं भरलेल्या आहेत, आवाजानंही. त्या हसल्या की शेजारच्या दुकानातला केस कापणारा कात्री थांबवतो.

एका रविवारी सकाळी त्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा घरपोच द्यायला गेल्या. त्या बाईंना जिना उतरवत नव्हता, म्हणून. परत येताना तलावाच्या कडेच्या रस्त्यावर उजवीकडे एक लांबलचक वळण आहे. तिथे गाडी वळता वळता बाहेर जायला लागली. ताईंना कडेचा पांढरा खांब दिसला. त्याच्यावर आदळायचं नाही, आदळायचं नाही, असं म्हणत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि सुतानं ओढल्यासारख्या बरोब्बर त्याच्याकडेच गेल्या. शेवटच्या क्षणी खडीवरून चाक सरकलं, म्हणून खांब चुकला आणि त्या गटारात पडल्या. गळ्याखालचं हाड मोडलं. बाकी खरचटण्यावर निभावलं.

पुढचे काही आठवडे त्यांचे केस मी विंचरले, सदऱ्याची बटणं मी लावली. एक हात गळ्यात बांधलेला असला की माणसाला किती गोष्टींसाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं ते तेव्हा कळलं. त्या सारख्या एकच विषय काढायच्या. "अगं, रस्ता कोरडा होता. वेग नव्हता. समोरून कुणी नव्हतं. मग मी पडले कशी?"

भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं कमी. ते एकदा जेवताना म्हणाले, "गाडी विकून टाकू या का?"

"हाड मोडलं तेवढं पुरे," सासूबाईंनी लगेच री ओढली.

ताईंनी डाव्या हातातला चमचा खाली ठेवला. "विकू नका. मला पडून पडून एक गोष्ट कळलीय. मला वळता येत नाही."

"इतकी वर्षं काय मग सरळच जात होतीस?" सासूबाई म्हणाल्या.

"जवळजवळ तसंच. वडिलांनी मला क्लच शिकवला, गिअर शिकवला, ब्रेक शिकवला. वळायचं कसं ते त्यांनी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते आपोआप येतं असं सगळेच धरून चाललो. वळणं आली की मी घाबरत घाबरत काढायची, एवढंच."

भाऊजींनी ताईंच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. ती त्यांची परवानगी होती.

शिकणार कुठे, हा प्रश्न दुकानातच सुटला. हाताची पट्टी सुटून ताई कामावर जायला लागल्या, तेव्हा एक मुलगी चष्मा करायला आली. चणीनं एवढीशी, चिमणीसारखी. आम्ही पुढे तिला चिमणीच म्हणायला लागलो. तिला काड्या सरळ हव्या होत्या, कानामागे न वळणाऱ्या.

"हेल्मेटमध्ये घुसल्या पाहिजेत," ती म्हणाली.

"गाडी चालवता?"

"शिकवते. शहराबाहेर रेसिंगचा ट्रॅक आहे ना, तिथे."

"काय शिकवता?"

"वळायला."

ताई सांगतात की तेव्हा त्यांच्या हातातली काडी खाली पडली. मला ते थोडं मीठमसाला लावलेलं वाटतं, पण त्या दिवशी घरी आल्या त्या दोन पायऱ्या एकदम चढत, हे मी पाहिलंय.

पहिल्या दिवशी भाऊजींना कामावरून सुटी मिळेना, म्हणून सोबत मी गेले. पाण्याच्या बाटल्या, घडीची खुर्ची, टॉवेल. कातड्याचा तो सलग पोशाख तिथूनच भाड्यानं घेतला. तो ताईंच्या अंगावर चढवताना मी एकीकडून आणि एक अनोळखी बाई दुसरीकडून चेन ओढत होतो. उशीच्या खोळीत गादी भरतोय असं वाटत होतं. चिमणीनं गाडीच्या आरशांवर चिकटपट्टी लावून टाकली. "इथे मागचं बघायचंच नाही, काकू. मागचे तुम्हाला सांभाळून घेतील. तुम्ही पुढचं बघा."

कुंपणाजवळून एक वळण चांगलं दिसत होतं. तिथे मी उभी राहिले. बाकीची माणसं वाकून, गुडघा बाहेर काढून, हवेत आकडा काढावा तशी सरसर जात होती. मग ताई आल्या. ताठ बसलेल्या, खांदे कानाला टेकलेले, हात काठीसारखे. वळणाच्या मध्यात ब्रेक दाबायच्या, गाडी दचकून उभी व्हायची आणि बाहेर पळायची. एकदा फूटरेस्ट जमिनीला घासून ठिणग्या उडाल्या. मी खुर्चीवर बसले नाही दिवसभर.

चिमणीची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. शेजारी गाडी उभी करून ती हेल्मेटची काच वर करायची आणि फाडकन बोलायची.

"काकू, हँडल पिळून पाणी काढायचंय का? सैल धरा. अंडं धरल्यासारखं."

"काकू, ब्रेक आधी! सरळ आहात तोवरच काय तो दाबून घ्या. वळणात शिरताना हळूहळू सोडा, आणि मध्ये परत दाबू नका."

"डावीकडे जायचंय ना? मग डावी मूठ पुढे ढकला. खरंच ढकला. गाडी आपण होऊन वाकते."

आणि सगळ्यात जास्त वेळा: "काकू, कुठे बघताय? चाकापुढे काय शोधताय, पडलेलं नाणं? वळण संपतं तिथे बघा. मान फिरवा, नुसते डोळे नाही!"

ताई हेल्मेट काढून माझ्याजवळ येऊन बसल्या. घामानं डबडबल्या होत्या. "गंमत बघ," त्या म्हणाल्या, "रोज मी लोकांना सांगते, लांबची पाटी वाचा. आणि मला लांबचं बघायला जमत नाही. चाक सोडून नजर वर उचलली की वाटतं, आता पडणार."

दुपारपर्यंत मान फिरायला लागली. हातही थोडे सैल झाले. तरी गाडी वळणातून बाहेर जायची ती जायचीच. ताईंचं तोंड उतरलं. चिमणी मात्र आता त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या गाडीच्या मागे उकिडवी बसली होती. तिनं ताईंना गाडीवर बसायला सांगितलं, उतरायला सांगितलं, पुन्हा बसायला सांगितलं.

"ही गाडी कुणाची होती आधी?"

"एका पोराची. सडपातळ होता अगदी."

"काडीपैलवान असणार. मागची स्प्रिंग त्याच्या वजनाला लावलेली आहे, तीही सगळ्यात मऊ. तुम्ही बसलात की गाडी मागे खचते आणि पुढचं चाक हलकं पडतं. मग ते वळणात धरत नाही, बाहेर पळतं." तिनं हात पुसले. "काकू, तुमच्या पडण्यातली अर्धी चूक या स्प्रिंगची आहे."

मी पाहिलं तर ताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतके महिने त्या स्वतःलाच बोल लावत होत्या, रात्री कूस बदलताना हाड दुखलं की स्वतःलाच. आता कुणीतरी अर्धं ओझं उचलून बाजूला ठेवलं होतं.

"उरलेली अर्धी माझी," त्या नाक पुसत म्हणाल्या. "ती मी सोडणार नाही. पण थँक्यू हं, बाई."

चिमणीनं घरी करण्याचं काम समजावून दिलं. गाडी मागून उचलून धरून मागच्या चाकाच्या मध्यापासून वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्यायचं. मग ताईंनी पूर्ण पोशाखात बसायचं आणि तेच माप पुन्हा घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती खचते ते. तो साधारण दोन बोटं हवा, मिलिमीटरमध्ये तिनं मला फोनवर लिहून पाठवलं. जास्त असला तर स्प्रिंगभोवतीची कडी पान्यानं फिरवून आवळायची.

पुढच्या रविवारी खालच्या शेडमध्ये सगळं घर जमलं. भाऊजींनी आणि माझ्या नवऱ्यानं गाडी मागून उचलून धरली. मी पुढून हँडल धरलं. माप घ्यायला म्हणून माझ्या नवऱ्यानं सुताराची टेप आणली होती. तेवढ्यात सासूबाई जिना उतरून आल्या. गळ्यात शिवणकामाची टेप. आयुष्यभर त्यांनी शाळेचे गणवेश शिवले.

"सरक," त्या आपल्या धाकट्या मुलाला म्हणाल्या. "माप घेणं हे पुरुषांचं काम नाही. तुझ्या बापाला स्वतःच्या कमरेचा घेर कधी खरा सांगता आला नाही."

खिशातून खडू काढून त्यांनी शेपटीवर रेघ मारली, चाकाच्या मध्याला टेप टेकवली आणि डोळे बारीक करून वाचलं. मग ताई बसल्या. कातडं करकरलं, गाडी खाली गेली.

"श्वास सोड," सासूबाई म्हणाल्या.

"आई, गाडीचं माप घेताय, माझं नाही!"

"श्वास रोखून बसलेल्या बाईचं माप खोटं येतं. सोड." पुन्हा टेप लावली. त्यांच्या भुवया वर गेल्या. "अगं बाई. तू बसलीस की ही चार बोटं खाली जाते. ही गाडी तुझ्या मापाची शिवलेलीच नाही! एवढे दिवस दुसऱ्याचे कपडे घालून फिरत होतीस तू."

भाऊजींनी कडी फिरवली. पुन्हा उचला, पुन्हा बसा, पुन्हा मापा. माझे दंड भरून आले होते. हँडलच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ताई, आमची तोंडं अगदी समोरासमोर. त्या हेल्मेटमधून माझ्याकडे बघत होत्या. "तू दमलीस," त्या हळूच म्हणाल्या. मी नाही म्हणून मान हलवली. खरं सांगायचं तर हात सोडावेसे वाटत नव्हते. एका माणसाला नीट बसता यावं म्हणून चार माणसं रविवारची दुपार घालवतात, असं काम रोज कुठे मिळतं?

फरक दोन बोटांवर आला. मग भाऊजींनी शॉकअपच्या तळाचा बारीक स्क्रू थोडा थोडा फिरवून पाहिला. सीट दाबून सोडली की गाडी उडी मारून नव्हे, सावकाश वर यावी एवढा. क्लचचा आणि ब्रेकचा दांडा त्यांनी थोडा खाली फिरवून बसवला, ताईंचं मनगट सरळ राहावं म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ताईंचं मनगट नुसतं निरखलं होतं.

त्यानंतर घरात मान फिरवायचा रियाज सुरू झाला. ताई जेवणाच्या टेबलाभोवती फिरायच्या, नजर पायांकडे नाही, दाराकडे. जिन्याच्या वळणावर पोचायच्या आधीच वरच्या मजल्याकडे बघायच्या. एकदा अशाच दाराकडे बघत आल्या आणि दारात नेमकी सासूबाईंची बादली होती. बादली गेली, पाणी गेलं. सासूबाई म्हणाल्या, "दूरदृष्टी आली वाटतं."

ट्रॅकचा दुसरा दिवस. या वेळी घराला कुलूप लावून सगळे गेलो, सासूबाईंसकट. टायरमधली हवा चिमणीनं थोडी कमी करायला सांगितली, फिरून तापले की ती आपोआप वाढते म्हणून. पहिल्या फेऱ्यांत ताई पुन्हा ताठ. सासूबाई माझ्या शेजारी कुंपणाला धरून उभ्या. "ही काय इस्त्री केलेली बसलीय," त्या पुटपुटल्या.

मधल्या वेळात चिमणीनं ताईंना एकच गोष्ट सांगितली. "बाकी सगळं विसरा. नुसतं थांबा. वळायची घाई करू नका. वळावंसं वाटतं त्याच्यानंतर वळा, एकदाच वळा, आणि मग रेस हळू हळू उघडा. गाडीला तिचं काम करू द्या."

पुढच्या खेपेला त्या आल्या. लांबूनच ब्रेक लागल्याचा आवाज, गिअर उतरल्याचा आवाज. वळण येऊनही त्या सरळच. मग हेल्मेट फिरलं. चेहरा आमच्याकडे नव्हताच, पार पलीकडे, वळण जिथे संपतं तिकडे. आणि गाडी वाकली. दचकली नाही, पळाली नाही. आतल्या कडेला स्पर्श केल्यासारखी जवळून गेली आणि इंजिनचा आवाज एका लयीत चढत गेला.

"हीच का आपली?" सासूबाईंनी विचारलं.

"हीच."

त्यांनी कुंपणावरून मान पुढे काढून पाहिलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मला हिला वळण लावता आलं नाही. त्या चिमणीनं दोन दिवसांत लावलं."

ताई आत आल्या तेव्हा त्यांना हेल्मेटचा पट्टा सोडवेना. भाऊजींनी सोडवला. ताईंचं तोंड लाल, केस चिकटलेले, आणि हसू असं की दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. "मी वळले! अहो, मी घाबरले नाही. मी वाट बघितली आणि वळले." भाऊजींनी त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि खसाखसा पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. त्यांना बोलता येत नसलं की ते असं काहीतरी करतात.

दुपारी अशी गंमत झाली, की सासूबाईंच्या गळ्यातली टेप बघून एका लठ्ठ गृहस्थांनी विचारलं, "आजी, आमच्याही गाडीचं माप घ्याल का?" मग दुसरे आले. सासूबाईंनी सगळ्यांना श्वास सोडायला लावला. चिमणी म्हणाली, आता आजी दर वेळी यायलाच हव्यात. आणि तेव्हापासून त्या येतात. वर्षातून काही वेळा ताई ट्रॅकवर जातात, बाकी दिवस दुकानात भिंगं बदलतात. त्या पडल्या ते बरं झालं, असं माझ्या तोंडून निघणार नाही. ताई स्वतः मात्र बिनधास्त म्हणतात, "त्या गटाराचे माझ्यावर उपकार आहेत."

पण मला ट्रॅकवरच्या त्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ सांगायची आहे. आम्ही गाडी छोट्या टेम्पोत चढवून बांधली, सामान भरलं, आणि बघतो तर ताई नाहीत. त्या एकेकाकडे जाऊन आभार मानत होत्या. झेंडे दाखवणाऱ्या माणसाचे, पोशाखाची चेन ओढणाऱ्या बाईचे. चिमणीला तर त्यांनी उचलूनच घेतलं. ती हवेत पाय झाडत "काकू, काकू!" ओरडत होती. शेवटी त्या फाटकाजवळच्या रुग्णवाहिकेकडे गेल्या. हातात संत्र्यांची पिशवी. मी त्यांना बोलवायला म्हणून मागोमाग गेले.

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि नर्स दार उघडं टाकून जांभया देत बसले होते.

"तुमचे आभार मानायला आले," ताई म्हणाल्या.

ड्रायव्हर गडबडला. "आमचे? आम्ही तर दिवसभर नुसते बसून होतो."

"म्हणूनच."

नर्स हसली. "आमच्याकडे कुणी फिरकत नाही हो. आमची गाडी दिसली तरी लोक तोंड फिरवतात."

"मला प्रत्येक फेरीला दिसत होतात तुम्ही. वाटायचं, कुणीतरी बसलंय आपल्यासाठी." ताईंनी संत्री दोघांच्या मांडीवर ओतली.

ड्रायव्हरनं एक सोलायला घेतलं. "मग, कितवा नंबर आला?"

"शर्यत नव्हती. आणि असती तर मी शेवटची आले असते. सगळे मला मागे टाकून गेले."

"मग एवढ्या खूश कशानं?"

ताई रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसल्या, त्यानं पुढे केलेली फोड तोंडात टाकली आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. टेम्पोतून सासूबाईंची हाक आली. मी हातानंच त्यांना थांबा म्हणून खूण केली आणि ताईंच्या शेजारी पायरीवर टेकले.